पहिल्या राणीचा आवाज

बाराव्या पानापर्यंत बाईंनी कसाबसा धीर धरला, आणि मग चित्रमालिकेच्या संहितेचे ते गुळगुळीत, पांढरेशुभ्र कागद त्यांनी जेवणाच्या टेबलावर असे आपटले की समोर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेल्या नवऱ्याचा चष्मा नाकावरून घसरला.

"शी..." बाई म्हणाल्या. एवढंच. पण त्या एका अक्षरात तीस वर्षं रियाज केलेली किळस होती.

"काय झालं?"

"तुमच्या लेकीनं मला देवी करून ठेवलंय. नवी राणी म्हणे मनानं लोण्यासारखी. आणि पहिली राणी, जिच्या तसबिरीपुढे राजकन्या रोज जाऊन बसते, ती निघाली कपटी. पोटच्या पोरीला शाप देऊन, आपल्या पायांनी किल्ला सोडून गेलेली. आपल्या पायांनी... हे चिवीला कुणी सांगितलं?"

नवऱ्यानं वर्तमानपत्र पुन्हा उंच धरलं. घरात वादळ उठलं की कागदाआड दडायचं ही त्याची जुनी खोड होती. बाईंनी ते वर्तमानपत्र शांतपणे खाली केलं.

"मीच सांगितलं," तो पुटपुटला. "तिची आई वारल्याचं कळलं ना, तीन वर्षांपूर्वी, तेव्हा. राहवलं नाही गं मला."

"एकोणीस वर्षं बरं राहवलं."

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. बाईंना त्या क्षणी त्याच्या त्या मऊ, ओलसर, सदा क्षमायाचना करणाऱ्या डोळ्यांचीही शिसारी आली.

बाईंचा धंदा आवाजाचा. लहान मुलांच्या चित्रमालिकांमध्ये चेटकिणी, राक्षसिणी आणि सावत्र आया बोलतात ना, त्यांतल्या निम्म्याअधिक बाईंच्या घशातून बोलत. स्टुडिओत त्यांना सगळे 'चेटकीणबाई' म्हणत आणि त्याही हौसेनं ओ देत. घरी मात्र ही भूमिका त्यांना आयतीच मिळाली होती. नवऱ्याची पहिली बायको दुसऱ्या कुणाचा तरी हात धरून निघून गेली, त्यानंतर वर्षभरानं बाई या घरात आल्या. पण शेजारपाजारच्या जिभांना असल्या तारखांचं काय! हिनंच तिचं घर मोडलं, असं बोललं जाऊ लागलं, आणि नवरा ना हो म्हणाला ना नाही. मग एका दुपारी सात वर्षांची चिवी दप्तर पाठीवर तसंच ठेवून दारात उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मावशी, माझ्या आईला तूच घालवलंस ना?"

बाई तेव्हा नुकत्याच एका दुष्ट राणीचं रेकॉर्डिंग संपवून आल्या होत्या. 'नाही' म्हणणं किती सोपं होतं! पण 'नाही'च्या पाठोपाठ 'मग ती का गेली?' आलं असतं, आणि त्याचं खरं उत्तर सात वर्षांच्या जिवाला झेपणारं नव्हतं. ती तुला सोडून गेली, बाळ. तिला जायचं होतं म्हणून गेली... बाईंनी एक क्षण डोळे मिटले आणि त्या राणीच्याच आवाजात, राणीच्याच त्या करकरीत हसण्यासकट सांगितलं, "हो. मीच घालवली."

आयुष्यातलं सर्वांत सरस काम त्यांनी त्या दिवशी केलं. मुलीचा लगेच विश्वास बसला. तिची आई निष्कलंक राहिली, छळलेली, परागंदा, तसबिरीत हसणारी. आणि द्वेष करायला तिला घरातच एक हक्काचं माणूस मिळालं. त्या तसबिरीवरची धूळ मात्र बाईच पुसत. अठराव्या वर्षी चिवी घर सोडून गेली. वर्षातून दोनदा बापाला भेटायला येई, भिंतींशी बोलावं तशी बाईंशी बोले आणि जेवायच्या आधी निघून जाई. बाईंनी ते सगळं गिळलं होतं, पण वाया गेलं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा वाटलं.

आणि तेही कशासाठी? तर 'नव्या राणीचं घर' नावाच्या या गोडमिट्ट मालिकेसाठी! चिवी तिची मुख्य लेखिका. मालिकेत जुन्या परीकथांमधले सगळे आईबाप नव्यानं उजळून काढलेले होते. मुलांना रानात सोडून येणारा लाकूडतोड्या बाप इथं नुसता 'गोंधळलेला' होता. दोनदा रडला की त्याला माफी. आरशाशी भांडणारी राणी आरसा पुसून शेजारणीला देऊन टाकी. सावत्र, सख्खी, दत्तक, शापित अशी अकरा पोरं एका लांबलचक टेबलाभोवती बसत, आणि दर भागाच्या बाविसाव्या मिनिटाला सगळी एकमेकांच्या गळ्यात पडत. तो गळेपडूपणा बाईंना वाचवत नसे. बावीस मिनिटांत! इथं बावीस वर्षांत एक पोरगी आपणहून शेजारच्या ताटावर बसली नव्हती.

आणि आता नव्या राणीसाठी त्यांनाच बोलावणं आलं होतं. चेटकीणबाईंना पहिल्यांदाच देवीचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग, आणि एकदा आवाज घेतला की चित्रकार त्यावर ओठांची हालचाल बेतणार, मग त्यात कानामात्रेचा बदल नाही. म्हणजे उद्या दुपारपासून ती मेलेली बाई जगभरच्या पोरांसाठी कायमची कपटी होणार होती. तिला दुसऱ्या घरी झालेली दोन मुलंही कुठेतरी ते पाहणार होती. बाईंनी कागद पिशवीत कोंबले. जायचं आणि तोंडावर फेकून यायचं, असं त्यांनी ठरवलं.

सकाळी स्टुडिओत त्या पोचल्या तेव्हा चिवी यायची होती. म्हातारा रेकॉर्डिस्ट मात्र यंत्रापुढे तयार बसला होता. बाईंचा त्याच्याशी पंचवीस वर्षांचा घरोबा.

"बाई, गाईड ऐकून घ्या आधी," तो म्हणाला आणि बाईंनी काही बोलायच्या आत हेडफोन त्यांच्या हातात ठेवला.

गाईड म्हणजे कामचलाऊ आवाज. खरा कलाकार येईपर्यंत ऑफिसातलं कुणीही संवाद वाचून ठेवतं, म्हणजे चित्रं किती वेळ चालायची याचा अंदाज येतो. बाईंनी सवयीनं एक कान झाकला, एक उघडा ठेवला. समोरच्या पडद्यावर पेन्सिलीच्या कच्च्या चित्रांतली नवी राणी वळली आणि बोलू लागली... आणि बाईंनी दुसराही कान झाकला. तो त्यांचाच आवाज होता! चेटकिणीचा नव्हे, राक्षसिणीचा नव्हे, घरातला. बोलण्याआधीचा तो छोटा उसासा, घसा खाकरून म्हटलेलं "हं, बोल", वाक्याच्या शेवटी खाली येणारी थकलेली पट्टी... हा आवाज बाईंनी आजवर कुठल्याही माईकला दिला नव्हता.

"हे कुठून काढलंत?"

"मी केलंय ते," दारातून चिवी म्हणाली.

रेकॉर्डिस्ट शहाणा माणूस. त्याला एकाएकी चहा प्यायची तल्लफ आली आणि तो बाहेर गेला.

बाईंनी पिशवीतून कागद काढले. "मी हे करणार नाही. तेवढं सांगायला आले."

"मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"बरं?" बाईंनी कागद टेबलावर टाकले. "अगं, ज्या बाईला डाग लागू नये म्हणून मी स्वतःला काळं फासून घेतलं, तिलाच तू चव्हाट्यावर आणलंस. आणि वर मला ही साखर चारतेस? ओकारी येते मला वाचताना. हे बक्षीस नको मला, चिवी. हे परत घे."

"तुला येते, आणि मला नाही?" चिवीचे डोळे भरून आले, पण तिनं नजर हटवली नाही. "बाबांनी सांगितल्यावर मी दोन दिवस जेवले नाही. तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. मला ताप आला की तू रात्रभर उशाशी बसायचीस, आठवतं? मी झोपेचं सोंग घ्यायचे. डोळे उघडले असते तर तुझा राग करावा लागला असता, नाहीतर आईशी बेइमानी झाली असती. म्हणून डोळे मिटून नुसती तुझा आवाज ऐकत पडायचे. मी कुठे म्हटलं होतं तुला, असा त्याग कर म्हणून? तू मला एक वाईट बाई दिलीस आणि मोकळी झालीस. मला आई हवी होती गं."

बाई खुर्ची ओढून बसल्या. तीस वर्षांत त्यांना इतके संवाद पाठ झाले होते, त्यांतला एकही इथं चालणारा नव्हता. आपला त्याग, जो त्यांनी इतकी वर्षं मनात गुपचूप पुजला होता, तो आता त्यांनाच उष्ट्या ताटासारखा दिसू लागला.

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी गाईड पुढे सुरू केलं. तसबिरीतली पहिली राणी पडद्यावर आली. तिचे ओठ हलले, पण आवाज नव्हता. पुढचा प्रसंग आला, तिथंही तिच्या वाट्याला नुसती शांतता.

"हिचं गाईड कुठाय?"

"नाही केलं." चिवी खाली बघत म्हणाली. "मला तिचा आवाज आठवतच नाही. पाच वर्षांची होते. चेहरा तसबिरीत होता, आवाज कुठेच नव्हता. दुसऱ्या कुणाचा घालायला मन होईना... म्हणून मग तिला वाईटच करून टाकलं. वाईट माणसाला काय, कुठलाही आवाज चालतो."

बाईंनी हेडफोन काढून ठेवला. जे बोलायचं होतं त्याचीच त्यांना सर्वांत जास्त किळस होती, आणि ती किळस दुसऱ्या कुणाची नव्हती.

"फोन यायचा तिचा," त्या म्हणाल्या.

"कुणाचा?"

"तुझ्या आईचा. महिन्यातून एकदा, दुपारी, तू शाळेत असायचीस तेव्हा. चार वर्षं. तुझ्याशी बोलू का, असं एकदाही म्हणाली नाही. मला तर त्या आवाजाचा असा तिटकारा यायचा... फोन ठेवला की मी रिसीव्हर फडक्यानं पुसून काढायचे. भित्री, रडवेली, नाकात बोलणारी ती बाई. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. पण ते अर्धंच खरं. मला भीती वाटायची, चिवी. एक दिवस शाळेला दांडी मारून तू त्या फोनपाशी बसशील, आणि मग मी तुझी वाईट बाईसुद्धा उरणार नाही."

चिवीनं टेबलाची कड घट्ट धरली. "काय बोलायची ती?"

बाई उठल्या, दाराबाहेर डोकावून रेकॉर्डिस्टला आत बोलावलं आणि काचेपलीकडच्या केबिनमध्ये गेल्या. जाताना संहितेचं बारावं पान त्यांनी चिवीच्या हातात ठेवलं.

"हे नव्यानं लिही. ती कपटी नव्हती, भित्री होती. कपटी माणसं सोपी असतात, मी तीस वर्षं करतेय. भित्री अवघड. आणि नवी राणी दुसऱ्या कुणाला दे. मी पहिली करते."

लाल दिवा लागला. बाईंनी माईक जवळ ओढला. कितीतरी चेटकिणी त्यांनी हसतहसत बाहेर काढल्या होत्या. ही एकच बाई बाहेर यायला तयार नव्हती. तो पुसून टाकलेला, नकोसा, ओशाळा सूर त्यांनी वीस वर्षांच्या तळातून पुन्हा ओढला, आणि तो जिभेवर येताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा वेडावाकडा झाला.

"मी बोलतेय..." नाकातला, शेवटी लांबत जाणारा, परवानगी मागणारा एक परका आवाज काचेपलीकडून आला. "बरी आहे ना ती?... केस वाढले असतील आता. तिला घट्ट वेणी आवडत नाही, डोकं दुखतं तिचं... मी फोन केला होता असं सांगू नका हं. जेवते का ती नीट?"

काचेच्या अलीकडे चिवी उभी राहिली होती. लहानपणी कधीतरी, कुठल्यातरी खोलीत, आपल्या डोक्यावरून फिरलेला हाच लांबलेला सूर तिला आठवला की नुसता भास झाला, देव जाणे. तिच्या तोंडावर दोन्ही हात होते. रेकॉर्डिस्टनं यंत्र थांबवलं नाही. मग चिवी पुढे झाली. कलाकाराशी बोलायचं जे बटण असतं, ते तिनं दाबलं आणि माईकपाशी वाकली.

"जेवते," ती म्हणाली. "नीट जेवते. काळजी करू नकोस. मावशी आहे ना इथं."

बाईंच्या कानात ते शब्द पडले आणि त्यांनी हेडफोन कानांवर घट्ट धरला. त्या बाईचं पुढचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. दर महिन्याला तेच असायचं, "बरं, ठेवते मग." तेवढं मात्र त्यांनी म्हटलं नाही.