तिसऱ्या शेडमधलं मरण

"गुन्हेगार कोण ते मला ठाऊक आहे. मला फक्त पुरावा हवाय," पोल्ट्री फार्मच्या मालकीणबाई म्हणाल्या.

त्या खुर्चीवर बसायलाही तयार नव्हत्या. मास्तरांनी पुढे केलेला चहा निवत चालला होता.

डॉक्टरबाई सरकारी पशुरोग प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर खासगी तपासाच्या धंद्यात पडल्या होत्या. शेजारचे निवृत्त शाळामास्तर त्यांच्यासोबत जात. तपासात आपला उपयोग काय, हे मास्तरांना अजून उमगलं नव्हतं.

"कोण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"माझा धाकटा मुलगा. बाजारातली विक्री तोच बघतो. दहा ठिकाणच्या कोंबड्या, त्यांचे पिंजरे, त्यांची घाण. तिथूनच बर्ड फ्लू आणला त्यानं. सरकारी पथकानं तिन्ही शेडमधले सगळे पक्षी मारून पुरले. आता त्यानं माझ्याकडे राहायचं नाही. उद्या निघायला सांगितलंय."

"तो काय म्हणतो?"

"गप्प बसलाय. पाप नसतं तर तोंड उघडलं नसतं का?"

"काही माणसं पाप नसतानाच जास्त गप्प बसतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चला मास्तर."

फाटकाशी चुन्याचा आणि औषधाचा वास नाकात भरला. आतून कसलाच आवाज नव्हता. हजारो कोंबड्यांचा कलकलाट जिथे असायचा, तिथली ती शांतता मास्तरांच्या अंगावर आली.

पहारेकऱ्यानं त्यांना पांढरे अंगरखे चढवायला लावले आणि औषधाच्या टाकीत बूट बुडवायला सांगितले.

"आत पक्षी नाहीत, तरी?" मास्तरांनी विचारलं.

"बाईंचा नियम आहे साहेब. पक्षी मेले, नियम नाही मेला." तो कडवट हसला. "माझ्या फवाऱ्याशिवाय एक चाक आत गेलेलं नाही. साथीच्या आधीचे पंधरा दिवस तर खाद्याची गाडी सोडून एकही वाहन आलं नाही. हे मी देवासमोरही सांगेन."

"आणि धाकटे मालक?"

"ते फाटकाबाहेरच्या खोलीत राहतात. पिंजरेसुद्धा बाहेरच उतरवतात."

तिसऱ्या शेडपर्यंत थोरला मुलगा सोबत आला. तिन्ही शेड त्याच्या हाताखाली होत्या. खांदे पडलेले, डोळे लाल. रिकाम्या शेडमध्ये पाऊल टाकताना त्यानं सवयीनं दार हळूच उघडलं, आतल्या कोंबड्या बिचकू नयेत म्हणून.

"पहिले मेलेले पक्षी कुठे दिसले?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"या शेडमध्येच. सकाळी आलो तर या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक रांगेत चार-दोन."

"दारापाशी जास्त?"

"नाही. सगळीकडे सारखेच. बाकीच्या दोन शेडमध्ये ते नंतर पसरलं."

डॉक्टरबाई पाण्याच्या नळीपाशी वाकल्या. वाटेत पाहिलेल्या दोन्ही शेडमध्ये पाण्याच्या गाळण्या पिवळट पडलेल्या होत्या. इथली कोरी करकरीत होती.

"ही बदलली?"

"तुंबली होती."

"हिचं पाणी कुठून येतं?"

"हिची बोअर वेगळी आहे. मधे मोटार जळाली होती." तो घाईनं पुढे म्हणाला, "पण पक्ष्यांना तहानलेलं नाही ठेवलं मी. टँकर मागवला."

मागच्या कुंपणापलीकडे तळं होतं. दूर देशाहून आलेली रानबदकं त्यावर निवांत तरंगत होती. पलीकडच्या काठावर आणखी दोन फार्मांची पत्र्याची छपरं दिसत होती.

"त्यांचे पक्षी ठीक आहेत?" मास्तरांनी विचारलं.

"अजून आहेत. पथक रोज तपासतंय," थोरला म्हणाला आणि त्यानं मान फिरवली.

पंपाचा मिस्त्री त्याच्या दुकानात मोटारीची तार गुंडाळत बसला होता.

"त्या फार्मवर? अहो, यम आला तरी बाई म्हणतील, आधी पाय धू!" तो म्हणाला. "मोटार जळाली म्हणून बोलावलं. फाटकाशी बाईंनीच विचारलं, कुठून आलास? मी खरं सांगितलं, दुसऱ्या फार्मवरून. झालं! दोन दिवस कुठल्याही फार्मवर पाय न ठेवता मगच ये, म्हणाल्या. मागे थोरले उभे होते, चेहरा पडलेला. पण आईपुढे ब्र काढला नाही."

"तळ्यापलीकडचे फार्म पाणी कुठलं वापरतात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"प्यायला बोअरचं. शेड धुवायला तळ्याचं. फुकटचं पाणी कोण सोडतो?"

धाकटा फाटकाबाहेरच्या खोलीत भेटला. दारातच बादली, साबण, धुतलेले बूट. त्यानं मास्तरांना बसायला एकुलती खुर्ची दिली.

"तुमच्यावर आळ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आहे ना."

"मग खोडून काढा."

"आणि कुणावर ढकलू?" तो म्हणाला.

परतताना मास्तर म्हणाले, "पोरगा सरळ वाटतो. पण बाजारात जाणारा तोच एकटा. दुसरं कोण आणणार?"

"कोण नाही मास्तर. कुठून, ते विचारा."

संध्याकाळी मालकीणबाईंच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. मालकीणबाई ताठ बसल्या होत्या. दोन्ही मुलगे दोन भिंतींना.

"रोग बुटांवरून किंवा पिंजऱ्यांवरून आला असता," डॉक्टरबाईंनी सुरुवात केली, "तर आधी दाराशी मरण दिसलं असतं, मग ते आत सरकलं असतं. तुमच्या तिसऱ्या शेडमध्ये ते एकाच सकाळी सगळ्या रांगांत दिसलं. सगळ्या रांगांत एकाच वेळी काय पोचतं?"

"खाद्य," मास्तर म्हणाले.

"खाद्य तिन्ही शेडमध्ये एकाच गाडीचं. मग पहिल्या दोन शेडमध्ये मरण नंतर का आलं?"

"पाणी!" मास्तर एकदम म्हणाले आणि स्वतःच दचकले.

"पाणी. आणि तिसऱ्या शेडचीच मोटार जळाली होती. मिस्त्री फाटकावरून परत गेला. थोरले म्हणतात, टँकर आला. पहारेकरी म्हणतो, खाद्याच्या गाडीशिवाय चाक आत आलं नाही, आणि त्याच्यावर तुमचाही विश्वास आहे. मग दोन दिवस एवढे पक्षी प्यायले काय? बोअरच्या पाण्यानं गाळणी सावकाश पिवळी पडते, अशी अचानक तुंबत नाही. ती गाळानं आणि शेवाळानं तुंबली. मागचं तळं रानबदकांनी भरलंय. ती हा विषाणू अंगात घेऊन धडधाकट फिरतात. त्यांची विष्ठा तळ्यात, तळ्याचं पाणी नळीत."

थोरला भिंतीला टेकून खाली बसला.

"औषध टाकलं होतं मी पाण्यात," तो पुटपुटला.

"शेवाळलेल्या पाण्यात औषध शेवाळावरच खर्ची पडतं."

"विचारलं का नाहीस मला?" मालकीणबाईंचा आवाज चिरका झाला.

"काय विचारू, आई? मिस्त्रीला अंघोळ घालून, कपडे बदलून, हत्यारं धुऊन आत घेता आलं असतं. पण तू नाही म्हणालीस की घरात पुढे कोण बोलतं? ते चोची उघड्या टाकून धापा टाकत होते गं. मला बघवलं नाही."

डॉक्टरबाई धाकट्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं."

"तळ्यात सोडलेला पाइप दिसला होता," तो म्हणाला. "साथ आल्यावर अर्थ कळला."

"मग बोलला का नाहीस?" आई ओरडली.

"मला हाकललंस तर मी कुठल्याही बाजारात उभा राहीन. दादाला कोंबड्यांशिवाय काय येतं?"

थोरल्यानं मान वर करून भावाकडे पाहिलं.

"नियम चुकीचा नव्हता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण अडचण सांगायला कुणी धजणार नाही असा नियम केला, की माणूस मागच्या कुंपणावरून वाट काढतो. ते राहू द्या. पलीकडचे लोक आजही त्याच पाण्यानं शेड धुतायत. मी पथकाला कळवते. पलीकडच्यांना तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मालकीणबाईंनी फोन उचलला. थोरल्यानं डोळे मिटून घेतले. आता आपलं नाव निघणार, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं मास्तरांना दिसलं.

"मी बोलतेय," मालकीणबाई फोनवर तळ्यापलीकडच्या एका फार्मवाल्याला म्हणाल्या. "तळ्याचं पाणी शेडला लावू नका, आत्ताच्या आत्ता बंद करा. आमच्याकडे त्यातूनच आलं." त्या क्षणभर थांबल्या. "कुणी सोडलं म्हणजे? मी. माझ्याकडून चूक झाली."

पलीकडून काहीतरी तिखट ऐकू आलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मग फोन खाली ठेवला.

दुसऱ्या फार्मवाल्याशी त्यांचं कधी पटलं नव्हतं, त्यामुळे त्याचा नंबर त्यांच्यापाशी नव्हता. बाजारातल्या सगळ्यांना ओळखणारा घरात एकच होता.

धाकट्याकडे न बघताच त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "नंबर सांग."