एकानं निघून जायचं

आठवड्याचे सहा दिवस तो थोबाडं टिपायचा. ओळखपत्रांचे फोटो. बिनखिडकीची खोली, पांढरा पडदा, एक स्टूल, आणि स्टुलावर एकामागून एक येऊन बसणारी माणसं. "हनुवटी वर. कान दिसू द्या. हसू नका." दिवसभर हीच टकळी. सगळे त्याच्याकडे डोळे फाडून बघायचे, पण दाराबाहेर पडले की त्याचं तोंड त्यांच्या लक्षातही राहत नसे. मालक म्हणायचा, "तुझ्या हातात कला आहे हं." डोंबलाची कला! ते बटण माकडानंही दाबलं असतं.

म्हणून रविवारी तो तळ्यावर जायचा. तिथं त्याच्याकडे कुणी बघत नसे, आणि त्याला तेच हवं होतं. बांधाखाली, लव्हाळ्यात, त्यानं मातकट कापडाचा तंबू ठोकला होता. एका बाजूला झिप, दुसऱ्या बाजूला भोक, भोकातून कॅमेऱ्याचं भिंग. आत शिरलं की ओल्या चिखलाचा वास यायचा आणि आठवडाभर आवळलेला जबडा आपोआप सैल पडायचा. पाण्यावरून ऊन कसं सरकतं ते बघता बघता त्याला वाटायचं, आपल्या डोक्यातही काहीतरी आहे. आपण नुसतं बटण नाही.

पाखरांना फसवायची रीत ठरलेली होती. दोघांनी आत शिरायचं, एकानं निघून जायचं. पाखरांना मोजता येत नाही. माणूस जाताना दिसला की तंबू रिकामा झाला, असं ती धरून चालतात. हे जाण्याचं काम मेहुण्याचं. तो आत बसून आधी पोटभर कुरकुर करायचा. मग हा म्हणायचा, "जा आता. आवाज करत जा, आणि मागे वळून बघू नकोस." मेहुणा दगड लाथाडत बांधावरून चालू लागायचा.

त्या रविवारी मेहुणा आलाच नाही.

"दाजी, मला यात ओढू नका," तो फोनवर म्हणाला. "ताईनं कपडे भरून ठेवलेत. आज जेवायला घरी नसलात तर पोरीला घेऊन ती आमच्याकडे येणार. कायमची."

"येतो म्हटलं ना वेळेवर!"

"मागच्या रविवारीही म्हटलं होतंत. आणि आमच्याकडे जागा नाही, एवढं ध्यानात ठेवा."

बायको-पोरगी हातची गेली, तर ते तळं काय चाटायचं होतं? एवढं त्यालाही कळत होतं. तरी गेला. एक फोटो, मग थेट घर.

तंबूत एकटा बसला. बगळे पलीकडच्या काठावर पाठ करून उभे. त्यांनी याला एकट्याला आत शिरताना पाहिलं होतं. ते कसले येतात! ऊन चढत गेलं, कापड तापलं, पाठीवरून घाम ओघळायला लागला. घरी ताटं घ्यायची वेळ जवळ येत होती. शेवटी चिडून, पाखरांच्या नावानं खडे फोडावेत तसा, तो मोठ्यानं म्हणाला, "जा आता. आवाज करत जा, आणि मागे वळून बघू नकोस."

त्याच्या मागे कापड सळसळलं.

गुडघ्यांवर हात टेकून कुणीतरी उठावं, तसा उसासा आला. झिप उघडली. झिप लागली. बाहेर दगड लाथाडल्याचा आवाज.

तो वळून बघणार, तेवढ्यात समोर पाणी हललं. लव्हाळ्यातून पाणकोंबडी बाहेर आली, तिच्या मागे काळीभोर पिल्लं, इतकी जवळ की पिसांवरचे थेंब दिसावेत. त्यानं बटण दाबलं. दाबतच राहिला. उभ्या जन्मात असा फोटो त्याला मिळाला नव्हता.

मग त्यानं भिंग बांधाकडे वळवलं.

एक माणूस चालला होता. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. डावा खांदा याच्यासारखाच किंचित पडलेला. यानं तंबूत शेजारी चाचपलं. स्वतःची बॅग नव्हती.

चोर! भुरटा चोर. त्याला जवळजवळ बरंच वाटलं. उठून झिपेकडे हात नेला. झिप हाताला लागेना. भिंगाचं भोक सोडलं तर चारही बाजूंनी कापड सलग होतं, शिवणसुद्धा नाही. त्यानं लाथा घातल्या, दातांनी ओढलं, खालची माती उकरली. मातीच्या खालीही कापडच होतं. ऊन कलायला लागलं.

त्यानं घरी फोन लावला. पोरीनं उचलला.

"बाळा, आईला सांग, मी निघालोच."

"कोण बोलतंय?"

"अगं, बाबा!"

पलीकडे ताट-वाटीचा आवाज. बायको कशावर तरी हसत होती, किती दिवसांनी. पोरीनं तोंड फिरवून विचारलं, "बाबा, कुणीतरी तुमचा आवाज काढतंय. देऊ?"

"ठेव गं फोन. आधी जेव."

आवाज त्याचाच होता. फक्त थकलेला नव्हता.

तो ओरडला. गळा फाटेस्तोवर ओरडला. तळ्यावर एक पाखरू हललं नाही.

त्यानं कॅमेरा ओढून आत घेतला आणि भोकातून हात बाहेर काढला. मनगटापर्यंतच गेला. तो हात हलवत राहिला, मुठी वळत राहिला.

कुठूनसा एक खंड्या आला आणि त्याच्या मुठीवर बसला. पंजे ओले, गार. चोचीत जिवंत मासा होता. खंड्यानं एकदा इकडेतिकडे पाहिलं, आणि खुंटावर आपटावा तसा मासा त्याच्या बोटांच्या पेरांवर आपटायला लागला.

आवाज सुक्या लाकडाचा आला.