बार्नीच्या चौदा पायऱ्या

सकाळपासून भुरभुर पाऊस होता आणि मी माझ्याच दारात अडकले होते. म्हणजे मी नाही, बार्नी. बत्तीस किलोचा, पट्टेरी अंगाचा, शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड. दार उघडलं की समोर सरळ जिना, चौदा पायऱ्या, आणि वर माझं घर. बार्नीने त्या जिन्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पाय रोवून उभा राहिला. शर्यतीच्या कुत्र्याचा जन्म पिंजरा, गाडी आणि धावपट्टी यांतच जातो, जिना त्याने पाहिलेलाच नसतो, असं निवारा चालवणाऱ्या मिसेस हॅनरहननी मला बजावलं होतं. मीच कानाडोळा केला होता.

"कुत्रा घेतलाय की घोडा?"

समोरच्या बेकरीतला तरुण रस्ता ओलांडून आला होता. केसांत पीठ, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि गालावर... तिथेही पीठच.

"हसायचं असेल तर पलीकडे उभं राहून हसा," मी म्हणाले.

"वीस मिनिटं तिथूनच हसत होतो. आता दया आली." त्याने बार्नीपुढे हात धरला. बार्नीने तो हुंगला, मग चाटला. "मी फिंटन. उचलू का याला?"

"नको. माझं मी बघेन."

बघितलं. त्याला कवेत घेऊन तीन पायऱ्या चढले आणि चौथीवर बसकण मारली, मांडीवर लांबच लांब चार पाय. फिंटनने नुसत्या भुवया वर केल्या. मग रोज पिठाची पोती उचलणाऱ्या माणसाने बार्नीला अलगद उचललं आणि वर नेऊन ठेवलं.

"कुत्र्याचं नाव कळलं," जाताना दारात रेंगाळत तो म्हणाला. "तुमचं?"

"नुआला."

मिसेस हॅनरहनची अट स्पष्ट होती. तीन आठवडे. "तेवढ्यात जिना चढला तर तुझा, नाही तर परत. उद्या तुझा पाय मुरगळला, तर याला खाली कोण आणणार, पोरी?"

माझी बहीण ओर्ला जानेवारीत नवऱ्याबरोबर पर्थला गेली. त्याआधी रोज सकाळी आम्ही दोघी नदीकाठाने धावायचो, पूल ओलांडून पार गिरणीपर्यंत. ती गेल्यावर मी दोनदा एकटी निघाले आणि दोन्ही वेळा पुलापासूनच मागे फिरले. मला सोबत हवी होती, आणि या वेळी विमानात बसून निघून न जाणारी. म्हणून बार्नी. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं. आई म्हणते, नुआलापुढे गाढवही हात टेकतं.

पण बार्नीला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या सकाळी मी त्याला कसाबसा खाली उतरवला, तर तो वाऱ्यासारखा सुटला, मी पट्ट्याला लोंबकळत मागे. चारशे मीटर! मग तो थांबला, गवतावर आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले. त्याच्या मते शर्यत संपली होती. मी विनवलं, रागावले, शेवटी शेजारी बसले. तेवढ्यात पावाची गाडी येऊन थांबली.

"टॅक्सी?" काच खाली करत फिंटन म्हणाला.

तेव्हापासून तसा रिवाजच पडला. सहाला पावाची पहिली खेप भट्टीतून निघाली की फिंटन येऊन बार्नीला खाली उतरवायचा, आणि आम्ही धावून आलो की वर चढवायचा.

"आज किती?"

"नऊशे मीटर!"

"तो की तू?"

"तोंड सांभाळ. उद्या पूल गाठणार आहोत."

"काल पण 'उद्या'च म्हणाली होतीस," तो हसायचा, आणि बार्नीच्या पाठीवरून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघायचा.

संध्याकाळी शिकवणी. मी पायरीवर बसून बार्नीचा एकेक पंजा हाताने उचलून ठेवायची. प्रत्येक पायरीवर सॉसेजचा तुकडा. तो मान लांब करून तुकडा घ्यायचा, पाय मात्र जागचे हलायचे नाहीत. मी चिकाटी सोडली नाही.

तेराव्या दिवशी, रविवारी, बेकरी बंद होती, बार्नीला वर न्यायला कुणी नव्हतं. मी वर सॉसेज परतत होते, बार्नी खाली दारापाशी रुसून बसला होता. टप... टप... टप. वळून पाहिलं, तर स्वारी स्वयंपाकघरात! त्याच्या गळ्यात पडून मी रडले, खरंच रडले. दुपारपर्यंत तो उतरायलाही शिकला.

सोमवारी सहाला फिंटनला सांगायचंच होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्याच्या भुवईवर पीठ होतं, हातात माझ्यासाठी कागदात गुंडाळलेला गरम सोडा ब्रेड होता...

"काय गं?"

"काही नाही. चल, उचल."

बार्नी तरी कशाला बोलतोय? फुकटची पालखी कोण सोडेल?

एकविसाव्या दिवशी मिसेस हॅनरहन गमबूट घालून, कागद घेऊन हजर झाल्या. फिंटन धीर द्यायला ॲप्रनसकट आला. मी ऐटीत दार उघडलं. "बार्नी, वर!"

बार्नी पहिल्या पायरीपाशी गेला. वळून फिंटनकडे पाहिलं. आणि एक पाय हवेत धरून वाट बघत उभा राहिला.

सॉसेज दाखवलं. हाक मारली. ओढलं. ढिम्म.

"कुत्र्याची निगा छान राखलीस, नुआला," मिसेस हॅनरहननी पेनाचं टोपण लावलं. "पण अट म्हणजे अट. गाडीचं दार उघडते मी."

अब्रू जाऊ दे, बार्नी जायला नको!

"तो चढतो! आठ दिवस झाले, चढतोय. मी... लपवलं." मी फिंटनकडे वळले. "तुला कळलं असतं तर तू यायचा थांबला असतास. आणि मला तू यायला हवा होतास. रोज. कुत्रा असो नसो."

बार्नीने जांभई दिली. फिंटनचे कान लाल झाले.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"गेल्या सोमवारपासून. चौदाच्या चौदा पायऱ्यांवर चिखलाचे पंजे होते, नुआला. ते काही माझे नव्हते."

"मग रोज बत्तीस किलो कशाला—"

"तेहेतीस. तुझी सॉसेजं अंगी लागलीत." मग तो हळूच म्हणाला, "विचारलं असतं, तर... तूही 'नको येऊस' म्हणाली असतीस."

"अरे देवा," मिसेस हॅनरहन म्हणाल्या. "दोघंही वर जा. वरचं दार लावा. आणि चूप!"

बंद दारामागे आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. खाली शांतता. चढ रे राजा, मी पुटपुटले. फिंटनच्या हाताने माझा हात शोधला, उबदार, पिठूळ, घट्ट. टप. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग टप, टप... आणि दाराला एक लांब नाक घासलं.

"सही केली!" खालून आवाज आला. "आणि त्या बेकरीवाल्याला सांग, यापुढे कुत्र्याला उचलायचं नाही. हौस असेल तर तुला उचलू दे!"

दुसऱ्या दिवशी सहाला टकटक झाली. फिंटन नव्याकोऱ्या धावण्याच्या बुटांत उभा होता.

"तुला धावता येतं?"

"चारशे मीटर. मग बार्नीबरोबर आडवा होईन."

बार्नी आपल्या पायांनी जिना उतरला. पाचशेवर फिंटनला धाप लागली, हजारावर तो देवाचं नाव घ्यायला लागला, पण थांबला नाही. पूल आला. पाय सवयीने मागे वळणार, तोच पट्ट्याला पुढून हिसका बसला आणि मागून फिंटन धापा टाकत ओरडला, "थांबू नकोस गं!"

मी थांबले नाही. पूल ओलांडला.