खोलीत श्वास घेणारं कुणी नको

तिसऱ्यांदा तेच जिने चढताना पेस्ट कंट्रोलवाल्याने ठरवलं होतं, की आज वाद घालायचा नाही. काखेत थर्माकोलचा खोका, खांद्याला पिशवी, पिशवीत थर्मास, टाल्कम पावडरचा डबा आणि स्वतःच्या घरून आणलेलं कुलूप. दुपारचे बारा वाजले होते. त्याने बेल वाजवायच्या आधीच आतून मावशींचा आवाज आला, "चपला बाहेर काढा जावईबापू. आहेत तेवढे ढेकूण पुरेत, नवीन आणू नका."

त्याने एक मोठा श्वास घेतला आणि चपला काढल्या.

मावशी म्हणजे बायकोची मावशी. परक्या गिऱ्हाइकाकडे तो तिसऱ्यांदा फिरकला नसता, पण इथे प्रश्न पोरीचा होता. त्याची मुलगी यंदा कॉलेजला लागली होती. होस्टेलला जागा नव्हती, आणि कॉलेज मावशींच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. मावशींकडे एक खोली चार महिने बंद पडून होती. येत्या रविवारी मुलगी सामान घेऊन त्या खोलीत राहायला येणार होती. आज गुरुवार होता, आणि ढेकूण तिथे आधीपासून राहत होते.

खोली काकांची. काका म्हणजे मावशींचे यजमान. चार महिन्यांपूर्वी त्याच खोलीत झोपेत गेले. पाठ दुखते म्हणून पलंग सोडून जमिनीवर पातळ गादी टाकून झोपायचे. ती गादी अजून तशीच होती. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं होतं, गादी जाळा, अर्धं काम तिथेच होईल. मावशी म्हणाल्या, गादी राहील. का, ते सांगितलं नाही. त्याने बायकोला फोन लावला, तर बायको म्हणाली, एवढं ढेकूण मारायचं काम आणि तुला गादीची अडचण होते?

औषध फवारायची सोय नव्हती. वासाने मावशींना दम लागायचा. मग राहिला ड्राय आइस, तो धुरासारखी वाफ सोडणारा सुका बर्फ. खरं तर तो राहिला नव्हता, तो पहिल्यापासूनच त्याच्या मनात होता, कारण ड्राय आइसवर त्याचा सख्ख्या भावापेक्षा जास्त विश्वास. गालिच्याला च्युइंगगम चिकटलं, लाव ड्राय आइस, कडक होऊन टकाटक निघतं. गाडीला पोचा पडला, फिरव ड्राय आइस. जुनी फरशी उकलायची आहे, ठेव वर ड्राय आइस. पोरीच्या पाचव्या वाढदिवसाला त्याने सरबताच्या पातेल्याभोवती धुकं सोडलं होतं. सगळी पोरं खूश झाली. एकटे काका म्हणाले होते, पाय गार पडले.

ढेकणांसाठी त्याची युक्ती साधी होती. ढेकूण माणूस शोधतो तो श्वासावरून. ड्राय आइस वितळून पाणी होत नाही, त्याचा नुसता वायू होतो, आणि तो वायू आपल्या उच्छ्वासात असतो तोच. थर्मासमध्ये तुकडे टाकायचे, झाकण घट्ट न लावता नुसतं टेकवायचं, पडदे ओढून अंधार करायचा. थर्मास रात्रभर झोपलेल्या माणसासारखा श्वास सोडत बसतो. ढेकूण येतात. थर्मासभोवती उंच काठाचं ताट असतं. काठाला बाहेरून चिंधी चिकटवलेली असते, म्हणून वर चढता येतं. आतून पावडर लावलेली असते, म्हणून घसरून आत पडले की परत चढता येत नाही. अट एकच. खोलीत श्वास घेणारं कुणी नको. खरं माणूस असेल, तर थर्मासला कोण विचारतो?

पहिल्या खेपेला ताटात शून्य ढेकूण. दुसऱ्या खेपेला शून्य. आणि दाराच्या चौकटीत नखाने उकरलं की चार बाहेर.

याचा अर्थ त्याच्या लेखी सरळ होता. तो गेला की मावशी आत जाऊन बसत होत्या. त्याने तसं मागच्या वेळी बोलूनही दाखवलं होतं. मावशी म्हणाल्या होत्या, मी त्या खोलीत चार महिन्यांत पाऊल टाकलेलं नाही, आणि तुमच्या बाटलीत दम नाही हे कबूल करायला तुम्हाला लाज वाटते.

म्हणून आज कुलूप होतं. त्याने थर्मास मांडला, जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत पावडर भुरभुरवली, मागे मागे सरकत दाराबाहेर आला आणि स्वतःचं कुलूप ठोकलं. किल्ली खिशात घातली. मावशी स्वयंपाकघराच्या दारातून हा प्रकार बघत होत्या.

"बँकेची तिजोरी आहे का ती?"

"नाही. काम आहे," तो म्हणाला.

तीन तास तो स्वयंपाकघरात बसून राहिला. मावशींनी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा साखर कमी घातली, आणि पोरीची चौकशी केली. अंधारात झोपते की दिवा लागतो? कुशीवर झोपते की उताणी? घोरते का? शेवटच्या प्रश्नाला त्याने जरा रागानेच सांगितलं, की माझी मुलगी मांजरासारखी झोपते, शेजारी पडलंय कुणी हेही कळत नाही. मावशी म्हणाल्या, "नशीबवान आहे." आणि कप उचलून घेऊन गेल्या.

साडेतीनला त्याने कुलूप काढलं, खिडकी उघडून खोलीला वारा दिला, मग पडदा बाजूला केला.

ताट रिकामं होतं. शून्य.

त्याने मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि जमिनीकडे पाहिलं. त्याची स्वतःची आत्ताची पावलं सोडली तर ठसे नव्हते. पण पावडर कोरी नव्हती. दोऱ्याएवढ्या बारीक रेघा होत्या. चौकटीतून निघालेल्या, भिंतीच्या फटीतून निघालेल्या, कपाटाखालून निघालेल्या. शंभर असतील, दोनशे असतील. काही तर थर्मासच्या ताटाला अगदी घासून गेल्या होत्या. थांबली एकही नव्हती. सगळ्या रेघा एकाच जागी गेल्या होत्या. गादीच्या उशाशी.

उशीत खळगा होता. चार महिन्यांत फुगून वर यायला हवी होती ती.

गादीच्या शिवणीतून त्याने चिमट्याने एक ढेकूण उचलला. उपाशी ढेकूण कागदासारखा चपटा असतो, हे त्याला झोपेतही कळलं असतं. हा टच्च होता. त्याने तो कागदावर दाबला. कागदावर लाल ठिपका उमटला. ओला. ताजा.

"मावशी," तो म्हणाला, "खरं सांगा. इथे कोण झोपतं?"

मावशी दाराबाहेर उभ्या होत्या. उंबऱ्याच्या पलीकडे, पाय जुळवून.

"तुम्हीच कुलूप लावलं होतंत ना?"

तो घाबरला असता, पण त्याला आधी वैताग आला. वीस वर्षांचा धंदा, आणि ढेकूण त्याला येडा बनवत होते. नक्की गादीखालच्या फरशीत भेग असणार, खालच्या मजल्यावरच्या माणसांचा श्वास तिथून वर येत असणार. भेग शोधायलाही ड्राय आइसच होता. त्याने खिडकी लावली, बादलीत गरम पाणी मागवलं, उरलेल्यांतले थोडे तुकडे त्यात सोडले, आणि दारात येऊन मावशींच्या शेजारी उभा राहिला. बादलीतून पांढरं धुकं उतू गेलं आणि जमिनीवर पसरलं. ते जड असतं, वर जात नाही. जिथे फट असेल तिथे ओढलं जातं. नुसतं बघत राहायचं.

धुकं कपाटाखाली गेलं. भिंतीला लागून परत फिरलं. गादीच्या कडेवर चढलं आणि हळूहळू उशीपाशी आलं.

तिथे ते आत ओढलं गेलं.

"बघा," तो म्हणाला. "भेग आहे."

मग ते बाहेर आलं. त्याच जागेतून, फुंकर मारल्यासारखं. परत आत गेलं... परत बाहेर आलं. सावकाश. भेग अशी वागत नाही. भेग एक तर ओढते, नाही तर सोडते.

मग ते थांबलं. उशीपाशी धुकं जागच्या जागी उभं राहिलं. खोलीत बादलीतल्या बुडबुड्यांशिवाय आवाज नव्हता. गाद्यांना असतो तो जुन्या कापसाचा वास, आणि त्यात थोडा घामाचा...

शेजारी मावशी पुटपुटत होत्या. त्याला वाटलं, देवाचं नाव घेत असतील.

"...सात... आठ... नऊ... दहा... अकरा."

धुकं भसकन बाहेर आलं.

मावशींनी खांदे खाली सोडले. "चाळीस वर्षं मोजलंय," त्या म्हणाल्या. आवाजात भीती नव्हती, कंटाळा होता. "झोपेत श्वास धरायचे हे. मी जागी. अकराला सोडायचे. रोज वाटायचं, आज सोडतात की नाही. त्या दिवशी माझा डोळा लागला... मोजायला कुणी नव्हतं. आता भिंतीपलीकडून ऐकते. चार महिने झाले, झोप नाही मला."

त्याने बादली उचलली, खिडक्या सताड उघडल्या, आणि धुकं विरायची वाटही न बघता गादी गुंडाळायला घेतली. तो मोठमोठ्याने बोलत होता. की आता बास. की रविवारी पोरगी इथे झोपणार आहे. की गादी पहिल्याच दिवशी जाळली असती तर हा तमाशा झालाच नसता.

"मग हे झोपतील कुठे?" मावशींनी विचारलं.

"मावशी, ते वारलेत."

"ते मला माहीत आहे. झोपतील कुठे, ते विचारलं मी."

त्याने गादी खांद्यावर टाकली. काखेत उशी घेतली. पातळ गादी होती, पण जिना उतरताना तिने त्याला दोनदा टेकायला लावलं. इमारतीच्या मागे, मोकळ्या जागेत त्याने ती पेटवली आणि शेवटचा धागा जळेपर्यंत हलला नाही.

मग वर येऊन पुन्हा थर्मास मांडला. शुक्रवारी सकाळी ताटात दोनशे तेरा ढेकूण होते. त्याने दोनदा मोजले, फोटो काढला आणि बायकोला पाठवला. बायकोने अंगठा पाठवला. शनिवारी ताटात चार. रविवारी शून्य, आणि या वेळी चौकटीतही शून्य. नवा पलंग आला, नवी गादी आली. मुलगी हसत राहायला गेली. मावशींनी तिला पलंग खिडकीकडे नको, इकडे लाव म्हणून सांगितलं. जुनी गादी होती तिथे. तो निघाला तेव्हा पलंग अजून खिडकीकडेच होता, म्हणून त्याने लक्ष दिलं नाही.

सोमवारी सकाळी साडेसातला मुलीचा फोन आला.

एकही ढेकूण नाही म्हणाली, मस्त झोप लागली म्हणाली. पलंग आजीला हवा तिथेच सरकवला, उगाच कशाला नाराज करा. आजी मात्र जरा विचित्र आहे. रात्री मध्येच जाग आली, तर दारात स्टूल टाकून बसली होती. आकडे मोजत होती.

पेस्ट कंट्रोलवाला दात घासत होता. तो थांबला.

"मी विचारलं, काय मोजतेस? तर म्हणाली, तुझा श्वास. तू झोपेत श्वास धरतेस म्हणाली. मी कधी धरते, बाबा?"

"किती?" त्याने विचारलं.

"काय किती?"

"किती मोजले तिने?"

"अकरा. का?" मुलगी हसली. "आणि आता स्वतः ढाराढूर झोपलीय. म्हणाली, चार महिन्यांत पहिल्यांदा जीवाला बरं वाटलं."

त्याने तोंडातला फेस थुंकला. शांत आवाजात सांगितलं, की सामान भर, मी निघतोय, तासाभरात पोचतो. खोलीत थांबू नकोस, जिन्यात येऊन बस.

"ऐकलंस का?"

पलीकडून उत्तर आलं नाही. फोन कटला नव्हता. पंख्याची घरघर ऐकू येत होती, खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मोजायचं त्याच्या मनातही नव्हतं. पण बोटं आपोआप बेसिनच्या काठावर टेकू लागली, एक एक करून. आठ... नऊ... दहा...

अकराला पलीकडे कुणीतरी भसकन श्वास सोडला.

"हो बाबा," मुलगी म्हणाली. "ऐकतेय की."