नऊ लाख नकार

रेणुका धोत्रेला आलेलं पत्र शाईनं लिहिलेलं होतं. कागदाची पत्रं बंद होऊन आठ वर्षं झाली होती, म्हणून खाणीवरच्या सगळ्या वस्तीनं ते हाताळून पाहिलं. पुण्याजवळच्या मेरू विज्ञान संस्थेनं लिहिलं होतं, की पहाटे खाणीच्या कडेला बसून तू फोनवर सोडवलेली गणितं आम्ही पाहिली. आम्हांला तुझ्यासारखीच मुलगी हवी आहे, अर्ज कर. वस्तीनं शेवटचे दोन शब्द सोडून बाकी सगळं वाचलं. दुसऱ्याच दिवशी चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला, ‘निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन’. हलगी वाजली, पेढे वाटले गेले. एवढं झाल्यावर रेणुकानं अर्ज धाडला आणि जिल्ह्याच्या कॉलेजातली हातची जागा सोडून दिली.

जूनमध्ये एका ओळीचा नकार आला. फ्लेक्सला कुणीतरी शेण फासलं. त्यावरून काठ्या निघाल्या आणि रेणुकाच्या भावाचा डावा डोळा गेला. बाप यल्लाप्पा पोलिसांत गेला नाही. दगड फोडायचा घण त्यानं पोत्यात गुंडाळला, पोरीला बरोबर घेतलं आणि पुणं गाठलं.

प्रवेश विभागात माणूस एकच होता, संचालक काळदाते. बाकी खोलीभर लेखनयंत्रं. त्यांचे पोलादी हात पेन धरून पत्रं लिहीत होते. यल्लाप्पानं पहिल्या घावात दाराची काच फोडली, दुसऱ्यात काळदातेचं मनगट. हाड मोडल्याचा आवाज रेणुकानं ऐकला. तिला वाईट वाटलं नाही.

“पोरीचा अर्ज कुनी वाचला, तेवढं सांग.”

“कुणीच नाही,” काळदाते कण्हत म्हणाला.

मग तो सगळंच बोलला. संस्था जितक्यांना नाकारते तितकी ती मोठी ठरते. जागा एकशे वीस. गेल्या वर्षी नऊ लाख मुलं नाकारली, म्हणून देशात पहिला नंबर आला. यंत्र मुलांचे फोन चाळून हमखास अर्ज करतील अशी मुलं हेरतं. बोलावण्याच्या पत्राबरोबरच त्यांचं नकाराचं पत्रही लिहून ठेवतं.

यल्लाप्पा यंत्रांवर तुटून पडला. पोलादी हात निखळले, शाई उडाली, एक तुकडा काळदातेच्या कपाळात घुसला. रक्त डोळ्यांत उतरत असताना तो शांतपणे म्हणाला, “फोडा. उद्या बातमी होईल. प्रवेशासाठी माणसं जीव घ्यायला उठतात असं कॉलेज. अर्ज दुप्पट येतील.”

यल्लाप्पाचा वर गेलेला घण तसाच राहिला. रेणुकानं तो त्याच्या हातातून काढून घेतला. तिलाही घाव घालायचा होता, पण तो कुठे घातला म्हणजे अर्ज यायचे थांबतील?