पोच

माझं काम साधं. हप्ते थकून ज्यांचं घर लिलावाला निघालंय, त्यांच्या दारी जायचं आणि सांगायचं, अजून मुदत आहे, इथे अर्ज करा, वकील फुकट मिळतो. ही माणसं दुधाने तोंड पोळलेली. आमचं पाकीटही बँकेचंच समजून न फोडता ठेवून देतात. म्हणून आमच्या संस्थेच्या मोठ्या बाईंचा नियम होता: कागद हातात द्यायचा, वाचून दाखवायचा, मगच पोचपावतीवर सही घ्यायची.

तुमच्यापासून काय लपवू, मी नुसत्या पाट्या टाकायचे. दार लवकर उघडलं नाही की कागद खालच्या फटीतून आत सारायचा आणि सही आपणच ठोकायची. खरी वाटावी म्हणून सहीखाली दोन टिंबं द्यायचे. त्या टिंबांचं गुपित फक्त मला ठाऊक होतं.

त्या दुपारी यादीतलं शेवटचं घर गल्लीच्या टोकाला होतं. तिथे एक बाई एकट्याच राहायच्या; गेल्या वर्षी मी तिथे गेले होते. तेव्हा आतून कुणीतरी पुटपुटलं होतं, पण मला आणखी पाच घरं उरकायची होती; कागद सारला, सही ठोकली आणि निघाले. घर पुन्हा यादीत आलं म्हणजे बाई अजून तग धरून आहेत, या विचाराने मला बरंच वाटलं.

कडी वाजवली.  मग दारामागे कागद चुरगळल्यासारखा आवाज झाला आणि फटीतून दमट, कोंदट वास आला.

"सरकवा खालून," आतून बाई म्हणाल्या. आवाज फार थकलेला होता.

मी कागद सारला, पाठोपाठ पावती आणि पेन.

"वाचून दाखवा ना... चष्मा आत राहिलाय."

आवाज उंबऱ्यापाशी, अगदी जमिनीलगत येत होता. मी उकिडवी बसले आणि माझ्याजवळच्या प्रतीतून वाचू लागले. दर ओळीनंतर त्या हळूच विचारायच्या, "पुढे?"

शेवटी त्यांनी मुदत विचारली. परवापर्यंत आहे, मी सांगितलं.

"म्हणजे अजून आहे..."

पावती बाहेर आली, ओलसर. पेन आलं नाही.

"ताई, कुणाशी बोलताय?" समोरच्या दुकानातला शिंपी रस्त्यापलीकडूनच विचारत होता. आतल्या बाईंशी, मी सांगितलं. तो जवळ आला नाही.

"त्या गेल्या वर्षीच गेल्या. पाय घसरून दाराशीच पडल्या होत्या, दोन दिवस कुणाला पत्ता नाही. हातात कसलासा कागद होता... चष्मा आतल्या खोलीत."

मी वर पाहिलं. जी कडी वाजवली होती, तिच्यातच गंजलेलं कुलूप होतं. माझी पाचावर धारण बसली. तो कागद माझा होता. मी घटकाभर थांबले असते तर बाई जगल्या असत्या, घरही वाचलं असतं.

हातातल्या पावतीवर सही होती. खाली दोन टिंबं.

कार्यालयात जाऊन गेल्या वर्षीची पावती शोधली. सहीची जागा कोरी होती.

तेव्हापासून मी नियम मोडत नाही. घरात जाऊन बसते, ओळ न् ओळ वाचते. माणसं समोर गप्प ऐकत असतात. तरी एखादी ओळ संपली की बंद दाराच्या फटीतून, जमिनीलगत, कुणीतरी विचारतं...

"पुढे?"