न उचललेले फोन

शालन थोरवडेच्या पहिल्या स्मृतिदिनाला खुद्द शालनच दोन शब्द बोलणार होती. चौथीच्या वर्गात, फळ्याखालच्या टेबलावर हार घातलेला तिचा फोटो होता आणि फोटोला टेकून काडेपेटीएवढा स्पीकर. लीलावती गुरव चहाच्या पातेल्याशी उभ्या होत्या. एकेकाळी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशाकडे त्या ज्या नजरेनं बघायच्या, त्याच नजरेनं त्या स्पीकरकडे बघत होत्या.

कराडच्या या शाळेत दर गुरुवारी संध्याकाळी ‘सोबत’ची बैठक भरायची. पिणाऱ्यांची नव्हे, पिणाऱ्यांच्या घरच्यांची. बायका, आया, एखाददुसरा बाप, सगळे पोरांच्या बाकांत गुडघे कसेबसे कोंबून बसायचे आणि बोलायचे. ही बैठक शालननं सुरू केली. नवऱ्याच्या, दत्तोबांच्या पिण्यानं लीलाबाईंचं घर पार विस्कटलं होतं, तेव्हा तिनंच त्यांना हाताला धरून या बाकावर आणून बसवलं. पुढे दोघींची अशी गट्टी जमली की एकमेकींच्या घरातले साखरेचे डबे त्यांना न विचारता सापडायचे.

आज चहा पातेलंभर झाला होता आणि बाकांवर मोजक्याच बायका होत्या.

“बाकीच्या कुठायत गं?” लीलाबाईंनी विचारलं.

“बैठकीला कमी येतात आता, पण फोन किती वाढलेत बघा ना, लीलामावशी,” मृण्मयी कौतुकानं म्हणाली. ही शालनची भाची. मोठ्या कंपनीत इंजिनिअर होती आणि ‘छाया’ तिनंच घडवली होती.

शालन भारी विसराळू. कुणाची मुलगी कितवीत आहे, कुणाच्या नवऱ्याला कुठलं औषध चालू आहे, हे डोक्यातून जाऊ नये म्हणून ती सगळ्यांना सांगून प्रत्येक फोन रेकॉर्ड करून ठेवायची. ती गेल्यावर घरच्या लोकांची परवानगी घेऊन मृण्मयीनं ही वर्षानुवर्षांची संभाषणं यंत्राला ऐकवली. त्यातून यंत्र शालनचा आवाज शिकलंच, पण तिचं विचारणं, थांबणं, दटावणंही शिकलं. हीच तिची स्वरछाया. नंबरसुद्धा जुनाच ठेवला होता.

“बसा गं सगळ्या,” स्पीकरमधून शालन म्हणाली. “चहा घेतलात का? लीलाच्या चहात साखर कमी असणार, गोड मानून घ्या.”

सगळ्या हसल्या. एकदोघींनी डोळ्यांना पदर लावला. लीलाबाईंचाही हात पदराकडे गेला आणि त्याचाच त्यांना राग आला. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

त्यांनी छायेला कमी का पारखलं होतं? हटकून चुकीची नावं घेतली, खोटी संकटं सांगितली, झालेली भांडणं उकरून काढली. छाया कशातही सापडली नाही. कुणाची गोष्ट कुणाला सांगितली नाही, कुणाला वाईट सल्ला दिला नाही. या सापळ्यांच्या निमित्तानं लीलाबाईंना मात्र रोज दुपारी फोन करायची सवय लागली. छाया हमखास उचलायची आणि शालनसारखंच आधी विचारायची, “जेवलीस का?” बरं वाटायचं. बरं वाटलं की संशय दुप्पट व्हायचा. पिऊन आलेल्या दिवशी दत्तोबा चपला अगदी शिस्तीत, भिंतीला समांतर लावून ठेवायचे. तेव्हापासून कुठलीही गोष्ट फार नीटनेटकी दिसली की लीलाबाई सावध व्हायच्या. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि त्यांचं तर अर्धं आयुष्य पोळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या नंदिनीच्या घरी गेल्या. नंदिनी शालनची लाडकी. नवरा किरण ड्रायव्हर, पिणारा, दोन मुलं. बैठकीला येणं तिनं कधीच सोडलं होतं. दार उघडंच होतं. नंदिनी ओट्याशी कणीक मळत होती, फोन खांद्यानं कानाशी दाबलेला. लीलाबाईंची चाहूल लागताच तिनं दचकून फोन झटकन तांदळाच्या डब्यामागे सरकवला.

हाताची ती हालचाल लीलाबाईंनी ओळखली. दत्तोबांची बाटलीही अशीच डब्यामागे जायची.

“कुणाशी बोलत होतीस?”

“शालनताईंशी. दुसरं कुणाशी बोलणार?”

“किरण कामावर जातो का?”

“नाही. गाडी सुटली हातातनं.” नंदिनीचा आवाज थंड होता. “मी ताईंना सांगते ना सगळं. सकाळी सांगते, स्वयंपाक करताना सांगते, मुलं झोपली की सांगते. बोललं की मोकळं वाटतं, मग दिवस निघतो.”

“आणि माहेरी? शेजारी? आमच्यापैकी कुणाला?”

“कशाला लोकांना तोंड दाखवायचं, लीलाताई? आता तर ताई कध्धी फोन टाळत नाहीत. आधी कशा, ऐन गरजेला उचलायच्याच नाहीत. किती रडलेय मी तेव्हा!”

लीलाबाई तशाच उठल्या. चहासुद्धा घेतला नाही. रिक्षा करून थेट मृण्मयीकडे निघाल्या. इतके दिवस छाया काय चुकीचं बोलते तेवढंच त्या हुंगत राहिल्या होत्या.

“मृण्मयी, तुझ्या यंत्राला तू कुठले फोन ऐकवलेस?” घरात पाऊल टाकतानाच त्यांनी विचारलं.

“आत्यानं घेतलेले सगळे.”

“आणि न घेतलेले?”

“त्यात काय ऐकवणार? नुसती रिंग. ते गाळून टाकले.”

“अगं, तिचं अर्धं काम त्या रिंगमध्ये होतं!” लीलाबाई मटकन खुर्चीत बसल्या. “नवी बाई आली की शालन तिचा प्रत्येक फोन घ्यायची. पण ती तिच्यावरच टेकून राहायला लागली, की एक दिवस उचलायचीच नाही. म्हणजे त्या बाईनं दुसरीला फोन करावा. पुढच्या गुरुवारी शालन एवढंच विचारायची, ‘मग कुणाला केलास?’ अशानंच तर बायका एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मीही तिच्यावर चिडून बैठकीतल्या रतन माळीला पहिल्यांदा फोन केला होता.”

मृण्मयी हळूच म्हणाली, “पण कुणाचा खरंच जीव धोक्यात असला तर?”

“म्हणून ती आधी दुसरीला सांगून ठेवायची. आणि तरी घाबरायची. मी पाहिलंय गं तिला. समोर फोन वाजतोय आणि ही दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलीय. डोळ्यांतून पाणी. म्हणाली, लीला, हात मोकळे असले तर उचलीन मी.” लीलाबाई पुढे सरकल्या. “तुझ्या छायेला नंदिनी संपेपर्यंत फोन उचलता येईल. हात दाबून बसता येणार आहे का?”

“बंदच करू?”

बंद करा, असं म्हणायलाच तर त्या आल्या होत्या. पण उद्याची फोनची दुपारची वेळ त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि शब्द निघेना. आपणही डब्यामागे हात घातलाय, हे त्यांना तिथंच कळलं.

“गाळलेल्या रिंगा त्याला दे,” शेवटी त्या म्हणाल्या. “बघू काय करतं. माझा मुळीच भरवसा नाही.”

मृण्मयीनं दिल्या. कुणाचा फोन कधी वाजत राहिला आणि त्यानंतर कोण कुणाशी जोडलं गेलं, बैठकीतल्या जुन्या बायकांना विचारून तेही यंत्राला सांगितलं. काही दिवस काहीच झालं नाही. छाया पूर्वीसारखीच प्रत्येक फोन घेत राहिली. लीलाबाईंना वाटलं, झालं, पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका दुपारी त्यांचा फोन वाजला. आजवर छायेनं आपणहून कुणालाच फोन केला नव्हता.

“लीला, आज संध्याकाळी फोन जवळ ठेव हं,” शालन म्हणाली आणि लगेच फोन बंद झाला.

लीलाबाईंनी ताबडतोब मृण्मयीला गाठलं. “हे बोलायला तू शिकवलंस त्याला?”

“नाही, मावशी. आत्याच्या जुन्या फोनमधून उचललं असेल.”

“असेल म्हणजे? तुलाच माहीत नाही?”

“नाही,” मृण्मयीनं कबूल केलं.

संध्याकाळी दिवा लावत असतानाच फोन वाजला. नंदिनी हुंदके देत होती. “लीलाताई, शालनताई उचलत नाहीत हो! किरणनं घरातली भांडी फोडलीत, मुलं घाबरलीत. मी कुणाला सांगू?”

“मला सांग. मुलांना घे आणि माझ्याकडे ये, मी रिक्षा पाठवते. जेवलीस का गं?” आपण हे विचारलं, हे लीलाबाईंना बोलून झाल्यावर कळलं.

नंदिनी आली. मुलं वरणभात खाऊन झोपली. रतन माळीही येऊन बसली. नंदिनी रडली, चिडली आणि बऱ्याच वेळानं म्हणाली की गुरुवारी बैठकीला येईन.

त्या दोघी आत बोलत असताना लीलाबाई अंगणात आल्या आणि त्यांनी शालनचा नंबर लावला. एकच सांगायचं होतं, की बाई, जमलं तुला. रिंग वाजत राहिली. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा नुसतीच रिंग. त्यांना पूर्वीसारखाच संताप आला, आणि मागोमाग अंगावर काटा आला.

हे नुसतं शिकलेलं गणित असेल, तर ठीकच आहे. पण तिकडे जे कोणी न उचलता बसलं होतं, त्याला दाबून धरायला हात नव्हते. मग त्यानं काय दाबून धरलं असेल?